नव्वदच्या पुढे

औशाच्या बाजारात सिद्रामप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना वाट्या विकल्या आणि एकाहत्तराव्या वर्षी स्टुलावरून पडून स्वतःच्याच गुडघ्याची वाटी फोडून घेतली. हा विनोद गावात पहिल्याच दिवशी झाला, आणि पुढे महिनाभर जो भेटायला येई तो आत्ताच सुचल्यासारखा करी. सिद्रामप्पा दर वेळी हसत. गिऱ्हाइकाला तोंडावर तोडायचं नाही ही दुकानदाराची सवय, ती पलंगावरही सुटली नाही.

पडणं अगदी साधं होतं. माळ्यावरची पितळी घागर काढायची होती. मुलगा महांतेश "मी काढतो" म्हणत होता, पण मुलाने म्हटलं म्हणून थांबेल तो बाप कसला. घागर हातात आली आणि स्टूल पायाखालून गेलं. घागरीला पोचा येऊ नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर घेतला. घागर शाबूत राहिली. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की वाटीचे दोन तुकडे झालेत. ते तारेने बांधले, पाय सहा आठवडे पट्ट्यात सरळ ठेवला. पट्टा निघाला तेव्हा पाय वाकायचं पार विसरून गेला होता.

घरात याचं कुणाला फारसं दुःख झालं नाही. महांतेशने आठ दिवसांत कमोड बसवला, जेवायला टेबल आणलं, पूजेसाठी हात असलेली खुर्ची केली आणि तिच्यासमोर उंच चौरंग. कमलम्मा नवऱ्याला म्हणाल्या, "खाली बसायचं वय हाय का आता? राजासारखं खुर्चीवर बसा की." डॉक्टरांचंही तेच म्हणणं. नव्वद अंश वाकला म्हणजे काटकोन झाला, आणि माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य काटकोनात मावतं.

"आन् मांडी?" सिद्रामप्पांनी विचारलं होतं.

"मांडी कशाला पाहिजे तुम्हाला या वयात?"

"पूजेला."

"पूजा खुर्चीवर होते," डॉक्टर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. इष्टलिंग तळहातावर घ्यायचं असतं. खाली जमीन आहे की खुर्ची, हे तळहाताला विचारायला कुणी जात नाही. सिद्रामप्पांनाही ते माहीत होतं. त्यांना मांडी हवी होती ती वेगळ्याच कामासाठी, आणि ते काम चारचौघांत बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत आणि आडवा पुरतही नाहीत. मांडी घालून बसवतात, भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून. तसाच बसलेला मिरवत नेतात आणि खड्ड्यात तसाच बसवून समाधी देतात. खड्डा बसलेल्या माणसाच्या मापाचा असतो. जिवंतपणी जो जन्मभर मांडी घालून बसला, त्याला बसवायला काही कष्ट पडत नाहीत.

सिद्रामप्पांचे थोरले भाऊ मलप्पा मात्र तसे बसलेले नव्हते. तरुणपणी ट्रॉलीवरून पडून त्यांचा डावा गुडघा निखळला होता. कुणीतरी बांबूच्या कामट्या लावून तीन महिने आवळून बांधला, आणि नंतर तो पाय कधी वाकलाच नाही. दुकानाच्या ओट्यावर तो लांब करून ते बसत आणि बाजार त्याला वळसा घालून जाई. तीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. अकरा वर्षांपूर्वी वैशाखात मलप्पा गेले तेव्हा एक पाय मांडीत आला, दुसरा समोर ताठ. खड्डा खणून झाला होता, ऊन डोक्यावर आलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "जरा दाबा की." धाकटा भाऊ म्हणून सिद्रामप्पा पुढे झाले. दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवून त्यांनी अंगाचा भार टाकला.

तुराटी मोडावी तसा आवाज झाला. पाय वाकला. वीसेक माणसांनी तो आवाज ऐकला आणि एकानेही ऐकल्याचं दाखवलं नाही. जंगम स्वामी मंत्राच्या एका शब्दावर अडखळले आणि पुढे गेले. बेल पडला, माती पडली, आणि परतताना लोक म्हणाले की अण्णा झकास बसले. घरी येऊन सिद्रामप्पांनी तीनदा हात धुतले.

दोन वर्षांनी एकदा त्यांनी स्वामींना गाठून विचारलं. स्वामी म्हणाले, "पाय सरळ ठिवला असता तरी काय बिघडत नव्हतं. हातभर जास्त खांदायचं."

"मग त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

"त्या दिवशी मला विचारलं कुणी?"

म्हणजे महांतेशला एवढंच सांगून ठेवलं असतं, की बाबा, खड्डा हातभर लांब घे, तर काम भागलं असतं. पण सिद्रामप्पांना गर्दी माहीत होती. त्या दिवशी चार जण जमतात, ऊन असतं, घाई असते, आणि 'दाबा की' म्हणणारा एकजण दर मयताला हजर असतो. पुढे कोण होणार तेही ठरलेलं होतं. मेलेल्याच्या गुडघ्याला काही कळत नाही, त्याची त्यांना पर्वा नव्हती. त्यांना भीती वाटायची महांतेशच्या हातांची. जो आवाज अकरा वर्षं आपल्या तळहातात बसलाय तो पोराच्या हातात जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी गुडघा वाकायला हवा होता.

म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार ते लातूरला फिजिओथेरपी करणाऱ्या विशाखाकडे जाऊ लागले. एसटीत पुढची सीट धरायची आणि पाय मधल्या वाटेत सोडायचा. कंडक्टर रोज म्हणे, "अप्पा, पाय आत घ्या." सिद्रामप्पा रोज म्हणत, "आत यीना म्हणून तर चाललोय."

विशाखा गायकवाड मूळची शिरूर अनंतपाळची. तिची आई पारूबाई दुसऱ्याच्या रानात खुरपून खुरपून गुडघ्यातून गेलेली. त्या गुडघ्यांपायी आपण हे शिकलो असं ती एकदा सांगून मोकळी झाली होती, पुन्हा त्यावर बोलली नाही. एकूणच कमी बोलायची. औसा रोडला तिचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं, भिंतीवर पद्मासनातले बुद्ध आणि कोपऱ्यात प्लास्टिकचा एक गुडघा. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी तिथे नेहमी असे. घोटा मुरगळल्यावर तो गरम तेलाने चोळून चोळून तिने दुप्पट सुजवून आणला होता. विशाखाने तिला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, की घोट्याला बांधून ठेवणारी दोरी आत उसवली आहे, आणि उसवलेलं चोळल्याने शिवलं जात नाही.

सिद्रामप्पांना तिने प्लास्टिकचा गुडघा हातात दिला. दुकानदाराने भांडं पाहावं तसा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. वर मांडीचं हाड, खाली नडगी, मधे दोन चपट्या गाद्या. दोन दोऱ्या बाजूंना, दोन आत एकमेकींना छेदून गेलेल्या. आणि पुढे वाटी.

"ही नुसतं झाकण नाही," विशाखा म्हणाली. "विहिरीवर चाक असतं ना, दोर ज्याच्यावरून जातो ते? मांडीचा स्नायू म्हणजे दोर, वाटी म्हणजे चाक. गुडघा वाकला की ती या खाचेतून खाली सरकायला पाहिजे. तुमची जागेवरच चिकटलीय."

"हाड आडवं यायलंय का?"

"हाड कुठंच आडवं नाही. सहा आठवडे हाललं नाही म्हणून आत जाळी धरली. घरात माणसं राहिली नाहीत की धरते तशी."

ते टेबलावर उताणे झोपत. ती टाचेखाली हात घालून पाय हळूहळू सरकवी आणि प्लास्टिकची पट्टी लावून कोन मोजी. दुखायचं लई, पण ओरडायची सोय नव्हती, शेजारच्या टेबलावर ती भरतीची मुलगी असायची. समोर बुद्ध दिसत. एकदा दात आवळून त्यांनी विचारलं, "यांचा किती वाकत असंल हो, मॅडम?"

"दीडशे," ती पट्टीवरची नजर न काढता म्हणाली. "तुमचा बासष्ट."

सिद्रामप्पांना हसू आलं, आणि हसताना पाय सैल पडला तो चौसष्ट झाला. तिने तेवढाही लिहून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना घाई सुटली. विशाखा पाण्याची पिशवी भरायला आत गेली तसे ते उठून बसले, दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले आणि दाबायला लागले. ती दारातूनच ओरडली, "अप्पा! हात काढा!"

त्यांनी विस्तवावरून काढावेत तसे हात काढले.

"वरून दाबायचं नाही. कधीच नाही. चिकटलेल्या सांध्यावर भार टाकला तर वाटेत जे येईल ते तुटतं. टाच धरायची आणि मागं सरकवायची. गुडघा आपला आपण येतो."

औशाला उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की टाच धरायची असते हे त्या दिवशी वीस माणसांत एकालाही ठाऊक नव्हतं.

सत्तर झाले, अठ्ठ्याहत्तर झाले. पंचाऐंशीला गाडी पंधरा दिवस अडून बसली. चौथा महिना लागला तेव्हा एका शनिवारी नव्वद भरले. विशाखाने पट्टी पुसून ठेवली आणि फाइल मिटली. "झालं अप्पा. काटकोन. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते पुरं केलंत तुम्ही."

"नव्वदच्या पुढं?"

"कशाला?"

"पूजेला."

"पूजा खुर्चीवर होते. माझ्याकडं तुमच्यातले दहा पेशंट आहेत, सगळे खुर्चीवर करतात. खरं सांगा."

भरतीची मुलगी निघून गेली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. घरच्या माणसापाशी जे तोंडातून निघत नाही ते परक्यापाशी निघतं. तरी सिद्रामप्पांनी थोडा वळसा घेतला.

"मॅडम, माणूस मेल्यावर गुडघा वाकतो का?"

विशाखा दचकली नाही. तिने सरळ उत्तर दिलं. "पहिले दोन-तीन तास वाकतो. मग अंग आखडायला लागतं, आणि बराच वेळ तसंच राहतं. पण जिवंतपणी चिकटलेला सांधा असेल तर तो मेल्यावरही चिकटलेलाच. मेलं म्हणून जाळी सुटत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ट्रॉली, कामट्या, ऊन, तळवे. तुराटीचा आवाजही सांगितला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते कुणाला तरी म्हणाले, "मी माझ्या भावाचं हाड मोडलं."

तिने थोडा विचार केला. "आवाजानंतर पाय कसा झाला? लोंबला का? भलतीकडं वळला?"

"न्हाई. वाकला. मांडीत बसला तो बसला."

"हाड मोडलं असतं तर असा नीट बसणं अवघड होतं. कदाचित आतली जाळीच तुटली असेल. तिचाही आवाज होतो."

"खात्रीनं?"

"खात्री कशी देऊ? मी बघितलं नाही."

खोटा दिलासा तिला देता आला असता. कुणीही दिला असता. तिने दिला नाही म्हणून सिद्रामप्पांनी तिच्यावर विश्वास ठेवला. घासून न पाहता चांदी आहे म्हणणाऱ्याला ते दुकानात उभं करत नसत.

नव्वदच्या पुढे जायला एकच वाट होती. भूल द्यायची आणि माणूस निपचित असताना डॉक्टरांनी पाय वाकवून जाळी तोडायची. डॉक्टर नाखूश होते. हाड जुळलंय खरं, पण वय आहे, आणि गरज काय? महांतेश तर चिडलाच. "अप्पा, नव्वद झालंय की! बरं चाललंय तर कशाला अंगावर ओढून घ्यायलात?"

"मला बसायचंय."

"बसा की! पाच खुर्च्या हायत घरात!"

कमलम्मा तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना." बस्स, एवढंच. तीनदा हात धुताना पाणी त्यांनीच घातलं होतं.

टेबलावर घेण्याआधी सिद्रामप्पांनी विशाखाला जवळ बोलावलं. डॉक्टरांनी तिला कोन मोजायला थांबवून घेतलं होतं. "आवाज आला तर मला सांगायचं," ते म्हणाले. "झाकून ठिवायचं न्हाई."

"सांगते."

शुद्धीवर आले तेव्हा गुडघ्यात निखारे भरले होते. तोंड कोरडं होतं. तरी त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. "आला का?"

"आला."

"कसा?"

"तुम्ही म्हणालात तसाच. तुराटीसारखा."

"हाड?"

"हाड शाबूत. लगेच फोटो काढला, मी स्वतः बघितला. जाळी तुटली. एकशे पंचवीस आलंय, अप्पा."

म्हणजे तो आवाज होऊनही हाड शाबूत राहू शकतं. मलप्पांचंही राहिलं असेल किंवा नसेल. ते आता मातीला ठाऊक. पण राहिलं असू शकतं, आणि अकरा वर्षं तेवढंसुद्धा त्यांच्याजवळ नव्हतं. सिद्रामप्पा रडले. मोठ्याने, लहान पोरासारखे रडले. डॉक्टरांना वाटलं फारच दुखतंय, त्यांनी आणखी एक इंजेक्शन द्यायला सांगितलं. विशाखाने काही खुलासा केला नाही.

वाकवलेला पाय वाकता ठेवायचा तर रोज कसरत हवी, नाहीतर जाळी पुन्हा धरते. ते दीड महिना त्यांनी कसा काढला ते कमलम्मांनाच माहीत. सकाळ-संध्याकाळ भिंतीला टाच घासत खाली आणायची, बर्फ ठेवायचा, पुन्हा आणायची. पूजेच्या खुर्चीवर आता वाळलेले कपडे पडू लागले. गावातले लोक वाटीचा विनोद विसरून दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागले होते.

एका दुपारी दुकान मिटवून महांतेश जेवायला आला. जेवण झाल्यावर सिद्रामप्पांनी त्याला माजघरात हाक मारली. ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. डावा पाय मांडीत होता, उजवा समोर लांब.

"बस हितं. माझा पाय मांडीत घाल."

"तुम्हाला येतो की आता."

"मला येतो. तुला यायला पायजे."

महांतेश बसला. पाय वाकवायचा म्हटल्यावर सगळे जे करतात तेच त्यानेही केलं. दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले.

"न्हाई!" सिद्रामप्पा एवढ्या मोठ्याने म्हणाले की स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वरून दाबायचं न्हाई. कुणीबी म्हणलं तरी न्हाई. टाच धर. हां. आता हळू मागं सरकव. गुडघा आपला आपण येतोय."

महांतेशने टाच धरली. बापाची टाच त्याने उभ्या जन्मात हातात घेतली नव्हती. भेगाळलेली होती आणि गार होती.

"कोण म्हणणार हाय दाबा म्हणून?" त्याने विचारलं.

"म्हणणारे असत्यात. अन् उशीर करायचा न्हाई. दोन-तीन तासांत उरकायचं, पाव्हण्यांसाठी थांबायचं न्हाई. मग अंग आखडतं."

महांतेशचा हात थांबला. मलप्पाकाकांच्या वेळी तोही होता, विसांतला एक. सिद्रामप्पांनी घाई केली नाही.

मग हात पुन्हा हलला. टाच सरकत सरकत आली, गुडघा वर उठला, बाजूला कलला आणि पाय मांडीत बसला. कुठेही आवाज झाला नाही.

"आलं की न्हाई?" सिद्रामप्पा म्हणाले. "एवढंच हाय ते." त्यांनी पाठ ताठ केली, डावा तळहात मांडीवर उताणा ठेवला आणि डोळे मिटले.

महांतेशच्या हातात टाच तशीच होती. तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"अप्पा," तो म्हणाला. "डोळे उघडा."

"उघडतो की. घाई काय हाय?"